कच्चं मडकं ठरलेले नामदेव महाराज

॥ श्रीगुरवे नमः ॥



निकालाचे दिवस आले की आपल्या सगळ्यांच्या घरच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात. कुणाच्या मुलाला किती मार्क पडले, कुणाच्या मुलीचा कुठल्या कॉलेजात नंबर लागला. आनंदाची गोष्ट आहे, कौतुक व्हायलाच पाहिजे. पण त्याच घरात एखादं लेकरू असं असतं की त्याचा फोटो कुणी टाकत नाही. ते आईचा मोबाइल हातात घेऊन मावस-चुलत भावंडांचे मार्क वाचत बसतं.

आपल्या आदिलाबादकडे त्यात अजून एक भर आहे. बेला, जैनद, तांसीकडच्या मराठी घरातलं पोट्टं आजीशी मराठीत बोलतं आणि शाळेत तेलुगू नाहीतर इंग्रजीत शिकतं. सुरुवातीला ते वर्गात गप्प बसतं. गप्प बसणाऱ्याला लोक फार लवकर ढ ठरवतात. तो शब्द एकदा कानात शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. सत्संगात मागच्या भिंतीला टेकून बसणारी, चाळिशी उलटलेली कितीतरी माणसं अशी आहेत, की ज्यांनी आपल्याला यातलं काही कळायचं नाही हे लहानपणीच ठरवून टाकलेलं आहे.

म्हणून चरित्रमालेच्या या भागात नामदेव महाराजांचं चरित्र घेतलं आहे. नामदेव म्हणजे देवाचे लाडके, देव ज्यांच्या हातचं जेवला ते, एवढं आपण सगळे जाणतो. पण त्यांना भर संतांच्या मेळ्यात, सगळ्यांच्या देखत, कच्चं ठरवण्यात आलं होतं. ती बाजू आपण कीर्तनात ऐकतो, हसतो आणि पुढे जातो. आज तिथं जरा थांबू.

शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० सालच्या कार्तिक शुद्ध एकादशीचा त्यांचा जन्म. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरी शिंपीकाम. घराणं मूळचं नरसी बामणीचं. आज ते गाव नरसी नामदेव म्हणून ओळखलं जातं आणि हिंगोली जिल्ह्यात येतं. आपल्याला ते परकं नाही. किनवटवरून नांदेड गाठलं की पुढे हिंगोलीची वाट. लहानपण मात्र पंढरपुरात, विठोबाच्या सावलीत गेलं.

नैवेद्याची गोष्ट घरोघर माहीत आहे. दामाशेटी परगावी गेलेले. गोणाईनं नैवेद्याचं ताट नाम्याच्या हाती दिलं आणि देवाला दाखवून ये म्हणून सांगितलं. नामा ताट ठेवून बसला. देव जेवेना. मोठ्या माणसांना ठाऊक असतं की नैवेद्य दाखवायचा असतो, देव काही खात नसतो, ताट परत आणून आपणच वाटून घ्यायचं असतं. नाम्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच त्यानं धरलं. तो रडला, रुसला, शेवटी पायरीवर डोकं आपटायला निघाला, आणि मग देवाला जेवावं लागलं.

आपण ही कथा चमत्कार म्हणून सांगतो. पण शेजारच्या एखाद्या पोरानं हेच केलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? सगळ्यांना कळतं ते याला कसं कळत नाही, असंच म्हटलं असतं. अशी लेकरं आजही असतात. सांगितलेला शब्द ती जसाच्या तसा धरतात, त्यातली ओळखायची गंमत त्यांना ओळखता येत नाही, आणि मग वर्गात हसू होतं.

जुन्या संतचरित्रांत दुसरी एक गोष्ट येते. वडिलांनी नामदेवांना कापड विकायला बाजारात पाठवलं. व्यवहार काही जमेना. येताना वाटेत रानातले धोंडे दिसले, त्यांना कापड देऊन टाकलं. पैसे कोण देणार, तर एक धोंडा जामीन म्हणून घरी आणला. पुढे त्याचं सोनं झालं असं कथा सांगते. पण सोनं व्हायच्या आधीचा दामाशेटींचा चेहरा डोळ्यांपुढे आणून बघा. दिवसभर सुई चालवून शिवलेला माल दगडांना देऊन आलेला मुलगा!

घरची ही कुरकुर पुढेही थांबली नाही. नामदेवांच्या गाथेत आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तक्रारी आहेत. गोणाई विठोबाशीच भांडते, माझं पोर तू बिघडवलंस म्हणते. राजाई रखुमाईला घरातल्या रिकाम्या डब्यांचं गाऱ्हाणं सांगते. नारा, विठा, गोंदा, महादा असे चार मुलगे, मुलगी, सुना, शिवाय दासी म्हणून वाढलेली जनाबाई. एवढ्या खटल्यात कर्ता माणूस टाळ घेऊन वाळवंटात उभा. घरच्यांच्या नजरेत नामदेव हुशार माणूस नव्हते, हे सरळच आहे. त्यांना एकाच ठिकाणी आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, ते म्हणजे विठोबापाशी. तिथं ते लाडके होते.

आणि मग आळंदीची भावंडं आली.

ज्ञानदेव परंपरेच्या हिशोबाने नामदेवांपेक्षा ५ वर्षांनी लहान. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशाला त्यांनी गीतेवरची टीका पूर्ण केली, सुमारे ९००० ओव्या. तेव्हा ज्ञानदेव १५ वर्षांचे, नामदेव २० वर्षांचे. मुक्ताबाई तर नामदेवांहून ९ वर्षांनी धाकटी. घरात आपल्यापेक्षा लहान भावंडं आपल्यापुढे निघून गेली की मोठ्या मुलाच्या पोटात काय होतं, ते ज्याच्या वाट्याला आलं त्यालाच ठाऊक. ही मुलं वेदान्त बोलत होती, नाथपंथाचा योग जाणत होती. नामदेवांकडे होता फक्त विठोबा.

आता गोरोबाकाकांची गोष्ट. कुणी ती तेरला गोरोबांच्या घरी घडली असं सांगतं, कुणी पंढरपुरात. सगळे संत जमले होते. गोरोबा वयाने सगळ्यांत वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. मुक्ताबाईचं लक्ष कुंभाराच्या थापटण्याकडे गेलं. हे कशाला, असं तिनं विचारलं. मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं, असं काकांनी सांगितलं. मग आम्हीही मडकीच की, आमचीही परीक्षा करा, असा तिनं हट्ट धरला. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, सगळे शांत बसून राहिले. नामदेवांच्या डोक्यावर थाप पडली आणि ते चिडले. पाहुण्याला घरी बोलावून असं मारतात का, असं त्यांना वाटलं. गोरोबांनी निकाल दिला. एवढं एक मडकं कच्चं.

मंडळी हसली. मुक्ताबाई तर स्पष्ट बोलणारी. अखंड देवाच्या शेजारी राहून याचा अहंकार गेला नाही, या अर्थाचं ती बोलली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ती परीक्षा बुद्धीची नव्हतीच. पाठांतर किती, अर्थ किती कळतो, हे काकांनी विचारलं नव्हतं. पण नामदेवांना जे लागलं ते तसंच लागलं, जसं कुठल्याही मुलाला लागतं. सगळे पास आणि मी एकटा नापास. तेही माझ्यापेक्षा लहान पोरीच्या सांगण्यावरून. आणि देव माझ्याशी बोलतो म्हणून मी सगळ्यांत मोठा, असं जे मनात कुठंतरी धरलेलं होतं, ते त्याच क्षणी गेलं. मी कमी आहे हे दुखणं आणि मी मोठा आहे हे दुखणं एकाच घरात राहतात, असं म्हणायला हरकत नाही. कालपर्यंत एक खोलीत होतं, आज दुसरं बाहेर आलं.

नामदेव तिथून उठले आणि थेट विठोबाकडे गेले. मार खाल्लेलं लेकरू आईकडे जातं तसे. आई आता काकांना रागावेल, आपल्याला जवळ घेईल, असं त्यांना वाटलं असणार. देवानं जवळ घेतलं, पण गोरोबांना खोटं पाडलं नाही. गोरोबांनी सांगितलं ते बरोबर आहे, तू अजून कच्चाच आहेस, गुरू कर, विसोबा खेचराकडे जा, असं सांगितलं.

आपल्यातल्या आई-बापांनी हा प्रसंग सावकाश वाचावा. मुलगा रडत आला की आपण दोनपैकी एक करतो. एक तर शाळेला, मास्तरला नावं ठेवतो, नाहीतर मुलालाच अजून दोन शब्द सुनावतो. विठोबानं दोन्ही केलं नाही. खरं ते खरं म्हटलं, आणि पुढे कुठं जायचं ते सांगितलं.

आता जरा कुंभारकामाकडे वळू, कारण कच्चं या शब्दात सगळी मेख आहे. गोरोबा हे जातिवंत कुंभार. शब्द तोलून वापरणारे. मडकं फुटकं असतं, तडकलेलं असतं, आणि कच्चं असतं. फुटक्याचं काही होत नाही, ते उकिरड्यावर जातं. कच्चं मडकं मात्र पूर्ण मडकंच असतं. माती तीच, चाक तेच, घडवणारा हातही तोच. आकारात काही कमी नसतं. ते फक्त अजून आव्यात गेलेलं नसतं. त्यात पाणी भरलं तर ते विरघळतं, म्हणून आज ते चुलीशी किंवा पाणवठ्यावर चालत नाही. उद्या चालेल. कुंभाराच्या अंगणात कच्ची मडकी रांगेनं वाळत घातलेली असतात, त्यांना कुणी हसत नाही. आपल्या पोराला ढ म्हणताना आपण त्याला फुटकं म्हणत असतो. काकांनी नामदेवांना तसं म्हटलं नव्हतं.

विसोबा खेचर भेटले ते औंढा नागनाथाच्या देवळात असं सांगतात. हेही आपल्याच वाटेवरचं ठाणं, हिंगोली जिल्ह्यातलं ज्योतिर्लिंग. नामदेव आत गेले तर एक म्हातारा माणूस पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडलेला. नामदेव हादरले. ज्याच्याकडे शिकायला आलो त्याला देवळात पाय कुठं ठेवावे एवढंही कळत नाही! त्यांनी पाय काढायला सांगितले. म्हाताऱ्यानं आपल्याच्यानं हलवत नाही असं सांगितलं आणि जिथं देव नसेल तिथं तूच ठेव म्हणाला. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तर तिथं पिंड उगवली. दुसरीकडे ठेवले, तिथंही पिंड. शेवटी पाय हातात धरून ते उभे राहिले आणि त्यांना कळलं. विठोबा पंढरपुरात विटेवर आहे हे खरंच होतं, पण तो तेवढ्याच जागेत आहे असं नव्हतं.

या गुरूंचं मागचं चरित्रही ऐकण्यासारखं आहे. विसोबा एकेकाळी आळंदीच्या भावंडांचे कट्टर वैरी होते. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, तर कुठल्याही कुंभारानं तिला खापर देऊ नये म्हणून त्यांनी धाक घातला होता. ज्ञानदेवांनी पाठीवर मांडे भाजू दिले ही कथा तिथलीच. ते पाहून विसोबा लोळण घेत आले आणि उष्टं खायला धावले. खेचर हे नाव त्यांना तिथं पडलं. म्हणजे ज्याच्याकडे नामदेवांना पाठवलं, तो स्वतः सगळ्यांच्या नजरेतून उतरून मग उभा राहिलेला माणूस होता. पहिल्यापासून पहिला नंबर असणाऱ्याकडे देवानं पाठवलं नाही. असं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला तरी त्यात देवाचा हिशोब दिसतो.

मग गुरूंनी नामदेवांना काय दिलं? नामदेव परत आले तेव्हा ते ज्ञानदेव झाले होते का? नाही. त्यानंतरची जी कथा सांगतात ती कुत्र्याची. नामदेव जेवायला बसले होते, कुत्र्यानं भाकरी पळवली. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी खाऊ नकोस म्हणून विनवत. लोकांना वाटलं हा माणूस वेडा झाला. नैवेद्याचं ताट घेऊन बसलेलं ते लेकरू आणि हा धावणारा माणूस, दोघं एकच आहेत. भोळेपण होतं तसंच राहिलं. आधी ते एका मूर्तीपुढे बसायचं, आता रस्त्यावर धावायला लागलं. आव्यात गेल्यानं मडक्याची घागर होत नाही, मडकं मडकंच राहतं. फक्त आता त्यात पाणी राहतं.

ज्ञानदेवांनाही हे ठाऊक होतं. तीर्थयात्रेला निघताना त्यांना सोबत हवी होती ती नामदेवांची. ते स्वतः नामदेवांकडे मागणं घेऊन आले. नामदेव पंढरी सोडायला तयार नव्हते, विठोबाला सोडून जायचं म्हणून रडले. शेवटी देवानंच ज्ञानदेवांच्या हाती त्यांना सोपवलं. त्या यात्रेतली मारवाडातल्या विहिरीची गोष्ट प्रसिद्ध आहे. दोघांना तहान लागली. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगबळानं सूक्ष्म होऊन खाली उतरले आणि पाणी पिऊन वर आले. तुमच्यासाठीही आणतो म्हणाले. नामदेव काठावर बसून विठोबाला हाका मारू लागले, आणि पाणी उसळून विहिरीबाहेर वाहू लागलं. ज्ञानदेवांनी ते पाहून त्यांना मिठी मारली. कोण मोठा हा प्रश्न त्या काठावर कुणीच विचारला नाही. (पाण्याची गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्त कळते. उतरून पिणाऱ्याची तहान भागली. नामदेवांच्या विहिरीचं पाणी वाटसरूंनाही मिळालं.)

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेव तिथं होते. त्यांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून साफ केली. त्यानंतर थोड्याच काळात सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई गेली, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी गेले. ज्यांच्यापुढे नामदेवांना आपण कमी आहोत असं वाटलं होतं, ती सगळी मुलं निघून गेली. नामदेव तेव्हा २६-२७ वर्षांचे होते. त्यांच्यापुढे अजून ५० हून अधिक वर्षांचं आयुष्य पडलं होतं.

आज आपल्याला ज्ञानदेवांचं चरित्र कळतं ते कुणामुळे? त्यांचा जन्म, आई-वडिलांचे हाल, तीर्थयात्रा, समाधीचा तो सोहळा आणि त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणी, हे सगळं आद्य, तीर्थावळी आणि समाधी या नामदेवांच्या नावच्या अभंगांतून आपल्यापर्यंत आलं. ज्ञानदेवांनी स्वतःबद्दल फारसं लिहिलं नाही. आणि ऐकण्यासारखी गोष्ट म्हणजे, कच्चं मडकं ठरल्याची ही कथाही नामदेवांच्या गाथेत आहे. ज्या दिवशी सगळे हसले तो दिवस त्यांच्या गाथेनं झाकून ठेवला नाही. आपल्याकडे नापासाचं प्रगतिपुस्तक गादीखाली दडवतात.

पुढचं काम नामदेवांनी एकट्यानं अंगावर घेतलं. वारकरी कीर्तनाचे ते आद्य पुरुष मानले जातात. मोठं तत्त्वज्ञान त्यांनी टाळ-चिपळ्यांवर, सगळ्यांना कळेल अशा बोलीत वाळवंटात आणलं. ज्या माणसाला स्वतःला कधीतरी काहीतरी कळलं नव्हतं, त्याला दुसऱ्याला कसं समजावायचं हे बरोबर कळतं. सावता माळी, नरहरी सोनार, चोखोबा, जनाबाई, ज्याचा-त्याचा धंदा करत देवाचं नाव घेणारी माणसं त्यांच्याभोवती जमली. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेव तिथं गेले, त्यांच्या अस्थी घेऊन आले आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्याला देवळाच्या आत येऊ दिलं नाही त्याला दारात जागा करून दिली.

तो अपमान नामदेवांच्याही वाट्याला आलाच होता. शिंप्याच्या जातीचा म्हणून त्यांना कीर्तनातून उठवून देवळामागे घालवलं, ते मागे जाऊन गायला लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, अशी कथा आहे. औंढ्याला ती आजही सांगतात. गोरोबांची थाप आणि हे हुसकावणं, दोन्हींत माणूस लहान ठरतो, पण दोन्ही सारख्या गोष्टी नाहीत. गोरोबांनी कच्चं म्हटलं ते पक्कं व्हावं म्हणून. हुसकावणाऱ्यांना नामदेव पक्के व्हायला नकोच होते. म्हणून नामदेव गोरोबांचा शब्द घेऊन गुरूकडे गेले, आणि हुसकावणाऱ्यांचा शब्द त्यांनी घेतलाच नाही. पाठीमागे बसून आपलं गाणं चालू ठेवलं. आपल्या लेकरांनाही हा फरक शिकवावा लागतो. कुणी काही बोललं की ते आधी बघायचं, बोलणारा आपल्याला भाजायला बघतोय की फोडायला.

मग नामदेव उत्तरेला गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांनी बरीच वर्षं काढली. विचार करा, मराठीशिवाय दुसरं काही न बोलणारा शिंपी परक्या मुलखात. तिथली बोली त्यांनी शिकली आणि तिच्यातच पदं रचली. आपल्याकडच्या पोरांना हे सांगण्यासारखं आहे, जी घरी मराठी, दुकानात हिंदी, शाळेत तेलुगू अशी रोज तीन घरं फिरतात. चुकत-माकत बोलत नामदेवही कधीतरी त्या पंजाबी बायाबापड्यांपुढे उभे राहिले असतीलच. आज घुमानला त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे, आणि २०१५ सालचं ८८ वं मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरलं होतं.

आणि पंजाब लांब आहे म्हणायचंही कारण नाही. आपण दवाखान्याला, बाजाराला, रेल्वेनं नांदेडला जातोच. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आपण जाऊन माथा टेकतो. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडलाच यापुढे ग्रंथ हाच गुरू असं सांगितलं. त्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. ज्या माणसाला गुरूकडे जा म्हणून सांगावं लागलं, त्याचे शब्द आता गुरूच्या अंगात बसले आहेत. पुढच्या वेळी नांदेडला गेलात तर मुलांना घेऊन आत जा आणि तिथल्या ग्रंथींना नामदेवांचं नाव विचारा. ते भगत नामदेव म्हणून ओळखतात.

बासरला सरस्वतीपुढे आपण लेकरांना मांडीवर घेऊन पहिलं अक्षर काढायला लावतो. गोदावरीच्या काठी, तांदळात बोट धरून. त्या दिवशी कुणाचं अक्षर वाकडं आलं आणि कुणाचं सरळ, हे कुणी बघत नाही. सगळीच लेकरं तिथं सारखी असतात. मोजमाप नंतर सुरू होतं.

शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३५० साली, वयाच्या ८० व्या वर्षी नामदेवांनी पंढरपुरात देह ठेवला. देवळात जागा न मागता त्यांनी महाद्वाराची पायरी मागितली, देवाकडे जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्याला लागावी म्हणून. आषाढीला आपल्या भागातून जी मंडळी जातात ती त्या पायरीवर पाय देत नाहीत. वाकतात, कपाळ टेकतात, बाजूनं ओलांडतात आणि मग आत जातात.

पुढच्या भागात याच घरात दळण-कांडण करत मोठी झालेली जनाबाई.

जय हरी.